दोन्ही बाटल्यांची तक्रार

चिखलीत आमचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. बाबा गेल्यापासून गल्ल्यावर आई बसते. मी मोर्चांची पत्रकं वाचत वाढलो, पुढे लिहूही लागलो. म्हणून दुकानदारांच्या संघटनेला लिंकिंगविरुद्ध, कंपन्यांच्या दादागिरीवर लक्ष ठेवणाऱ्या दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार करायची होती, तेव्हा मजकूर माझ्याकडे आला.

लिंकिंग म्हणजे चालणाऱ्या मालाच्या गळ्यात न चालणारा माल बांधणं. परदेशी कंपनी कपाशीच्या बियाण्याबरोबर फवारणीच्या बाटल्या घ्यायला लावायची, देशी कंपनी खताच्या पोत्यांबरोबर पिकांच्या टॉनिकच्या. त्या आम्ही पुढे शेतकऱ्यांच्या गळ्यात मारायच्या आणि शिव्याही आम्हीच खायच्या. मी दोन्ही कंपन्यांची नावं लिहिली.

बैठकीत अध्यक्षांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"देशीवालीचं नाव काट बे. आपल्या देशाची हाय ते. आयोगबी विदेशीलेच आधी धरन."

"आयोग कोनाले धरन ते तुमी काऊन ठरवता?"

"तुह्या दुकानात खत कोन पाठवते?"

आमचा अर्धा धंदा देशी कंपनीच्याच खतावर होता. तक्रारीवर प्रत्येक दुकानाचा शिक्का लागे, त्याशिवाय ती जात नसे. आमचा शिक्का माझ्या शेजारी बसलेल्या आईच्या पिशवीत होता.

"वहिनी, समजवा याले," अध्यक्ष तिला म्हणाले.

"भाऊजी, बाटली विदेशी असो का देशी, शेतकऱ्याच्या घरी सारखीच धूळ खाते," आई म्हणाली. "दोघींचं नाव राहीन तं माहा शिक्का हाय. नाही तं नाही."

"अन् मोसमात खत नाही भेटलं तं?"

"बियाणं विकीन."

"थे तं विदेशीचं हाय," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, आईही.

"मंग तिचंबी नाव हायेच ना कागदावर," असं म्हणून तिनं शिक्का काढला. पाठोपाठ बाकीच्यांनी काढले. अध्यक्षांनी सर्वांत शेवटी मारला, पण मारला.

आयोग दोघींना एका नजरेनं पाहील का, मला अजून माहीत नाही. उत्तर आलेलं नाही. परदेशी कंपनीविरुद्ध ओरडलं की टाळ्या मिळतात. तोच आवाज घरच्या दादागिरीविरुद्ध निघत नसेल, तर त्याला मी न्याय म्हणणार नाही.

खरिपात देशी कंपनीचा ट्रक आमच्या दुकानासमोरून पुढे गेला आणि चार दुकानं सोडून रिकामा झाला. खत मागायला आलेल्यांना आई स्वतः तिकडे पाठवत होती.

"पोतं घ्या, बाटली घेऊ नका," ती प्रत्येकाला सांगायची. "दुकानवाले मागं लागले तं माहं नाव सांगा."