बेशरमाचं कुंपण

बाहेरून आलेल्या झाडांवर सरकारनं बंदी घालावी, असं कुणी तावातावानं बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. बोलणाऱ्याच्या ताटात हिरवी मिरची असते, शेंगदाण्याची चटणी असते. दोन्ही सातासमुद्रापलीकडून आलेल्या, पण त्यांना उपटा म्हणायची कुणाची छाती होत नाही.

माझी ही चीड बेशरमापासूनची. बेशरम म्हणजे ओढ्याकाठी माजणारं, फिकट जांभळ्या फुलांचं झुडूप. फोक तोडून मातीत खुपसला की रुजतो, पाणी द्या नाहीतर नका देऊ. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि आमच्या लेखी हाच त्याचा मोठा गुण होता.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराची गोष्ट. उदगीरकडच्या आमच्या गावावर पाऊस रुसलेला होता. चारा संपला म्हणून लोकांनी जनावरं मोकाट सोडली होती. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिनं विहिरीच्या तळाचं पाणी शेंदून ज्वारीचा एवढासा तुकडा जगवला आणि त्याच्याभोवती बेशरमाचं दाट कुंपण लावलं. आमची वर्षाची भाकर त्या कुंपणाच्या आत उभी होती.

नवा जिल्हा, नवा उत्साह! फर्मान निघालं की बेशरम परदेशी आहे, दिसेल तिथं मुळासकट काढा. कामावर नेमलेले साहेब कोकणातले. अमावस्येला माणसं घराबाहेर पडत नाहीत, म्हणजे आडवं यायला कुणी नसेल, असा हिशेब करून त्यांनी दिवस निवडला, तो नेमका आमच्या वेळ अमावस्येच्या सणाचा. आमच्याकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. अख्खं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत दगडांचे पाच पांडव मांडून पुजायचे, पिकावर आंबील शिंपडायची आणि दिसेल त्याला हाक मारून जेवू घालायचं. त्या साली कडबा गुरांच्या पोटात गेलेला, म्हणून अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोपसुद्धा बेशरमाचीच केली होती.

साहेब मजूर घेऊन बांधावर आले. मजूर इकडचेच. भज्जीचा, म्हणजे डाळी-भाज्यांच्या दाट कालवणाचा, वास आल्याबरोबर त्यांनी कुदळी खाली टाकल्या.

"आधी काम," साहेब म्हणाले.

"आधी जेवन," अव्वा म्हणाली. "आजच्या दिशी रानात आलेला मानूस उपाशी जाऊ देत न्हाईत. बसा."

बसले बिचारे. ज्याचा नायनाट करायला आले होते त्याच्याच सावलीत मांडी घालून त्यांनी बाजरीच्या पिठाचे उंडे खाल्ले, भज्जी ओरपली, आंबील पुन्हा पुन्हा मागून घेतली. हात धुतल्यावर मात्र त्यांना नोकरी आठवली. ते अजिजीनं म्हणाले, "बाई, समजून घ्या. हे झाड इथलं नाही."

कुंपण गेलं असतं तर दिवस मावळायच्या आत मोकाट गुरांनी ज्वारीचा फडशा पाडला असता. अव्वा मात्र हसली.

"इथलं कोन हाय, साहेब? तुमी कोकनातले. मी भालकीची. लगीन होऊन आले तवा मराठी यीत नव्हतं, समदे मला कानडीनच म्हनायचे. इथला म्हनावा असा ह्यो दुष्काळच तेवडा हाय. उपटायचा तर त्यो उपटा की."

मजूर खदखदून हसले. साहेब आधी लाजले, मग तेही हसले. "ओढ्यातलं तेवढं काढा रे," ते मजुरांना म्हणाले, "बांधावरचं मी बघून घेईन."

ओढा साफ झाला, आणि तोडलेले फोक शिवारातल्या बायकांनी मोळ्या बांधून आपापल्या बांधांवर नेऊन खुपसले. बेशरमाची एवढी लागवड आमच्या गावात त्याआधी कधीच झाली नव्हती!

बेशरमानं ओढे चोंदतात हे मला मान्य आहे. तिथलं खुशाल काढा. पण बांधावरच्या झाडाला हात लावण्याआधी, ज्याची भाकर ते राखतंय त्याला विचारा. एवढंच माझं म्हणणं, आणि ते मी भांडून सांगतो.

ज्वारी निघाली. फार नाही, पण दाणा टपोरा होता. नव्या ज्वारीची पहिली भाकरी अव्वानं तव्यावरून काढली आणि रिवाजाप्रमाणं अप्पांच्या ताटात वाढली. अप्पांनी ताट उचललं, चुलीपाशी गेले आणि ते तिच्यापुढं ठेवलं.

"आधी तू खा," ते म्हणाले. "रान तुजं हाय."

अव्वा आमच्या सगळ्यांच्या आधी जेवली, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.