दगडोबाचं विमान आणि अकरा अक्षता

आयुष्यात काय काय घडवलं असं विचारलं की दगडोबाकाका बोटांवर मोजायचे. नांगर, तिफणी, गाडीची चाकं, देव्हारे आणि एक विमान. "तेवढं उडायचं राह्यलं," असं वर सांगायचे. जवळा बाजार गावातले हे सुतार माझे सख्खे चुलते.

विमानाचं खूळ व्यंकटरावांचं. मोठ्या जमीनदाराचे चिरंजीव, बंगळुराला शिकून आलेले. काय शिकले ते गावाला कळलं नाही, पण धोतर सोडून आले एवढं दिसलं. चव्वेचाळीस साली त्यांनी सरकी काढायच्या शेडमध्ये फळ्यांचा लांबलचक बोगदा करवून घेतला. एका तोंडाला इंजिनावर फिरणारा पंखा आणि मधे काच. काचेआड काकांनी घडवलेलं दोन हात लांब पंखांचं सागवानी विमान टांगलेलं. वारा सोडला की विमान मागं ओढलं जायचं. त्याचा दोरा सराफी तराजूला बांधलेला, त्यामुळे वाऱ्याची ओढ तोळ्यांत कळायची.

ती ओढ व्यंकटरावांनी कागदावर आधीच काढून ठेवली होती, सात तोळे. तराजू मात्र नऊ सांगायचा.

शिकलेल्या माणसाचा कागद चुकत नसतो, म्हणून मग सुतार चुकला. काकांनी पाच वेळा पंख घासून आरशासारखा केला, तरी नऊच.

"दगडोबा, तुझा हात वाकडा आहे. दसऱ्याला बंगळुराच्या विमान कारखान्याचे साहेब येणार, त्यांच्यासमोर नऊ आले तर भर बाजारात सांगेन."

"मालक, रंधा माझा हाये, वारा न्हाई," काका म्हणाले. पण घरी येऊन जेवले नाहीत. वाकड्या हाताच्या सुताराकडून तिफण कोण करून घेणार?

खंडेनवमीला काकांनी हत्यारं पुजली. वाकस, पटाशी, रंधा, प्रत्येकाच्या धारेवर ओल्या कुंकवाची रेघ आणि तीवर अक्षता. विमानालाही पुढून धार आहेच की! मग त्याच्याही दोन्ही पंखांवर रेघ ओढली आणि तीन-तीन बोटांच्या अंतरावर एकेक दाणा चिकटवला. वाहिलेली पूजा लगेच पुसायची नाही, म्हणून दसऱ्याला विमान तसंच बोगद्यात चढलं.

साहेब आले, निम्मा बाजारही आला. इंजिन सुरू झालं आणि पारडी सातावर बराबर थांबली.

व्यंकटरावांची छाती अशी फुगली की पंख्याची गरज उरली नाही. "माझं गणित..." त्यांनी सुरुवात केली. तेवढ्यात साहेब काचेला नाक लावून म्हणाले, "ये दाने किसने लगाये?"

"अडाणी आहे हो, साहेब! दगडोबा, धुऊन टाक ते थोतांड!"

काकांनी मुकाट्यानं पुसलं. पुन्हा वारा सोडला. नऊ.



"फिर से लगाओ," साहेब म्हणाले.

व्यंकटराव काकांकडे वळले. "दगडोबा... लाव ते परत."

"इंजिनाचं तेल लागलंय हाताला, मालक. आंघोळ केल्याबिगर अक्षता कशा लावू?"

आणि काका विहिरीवर गेले. साहेब, व्यंकटराव आणि निम्मा बाजार, सगळे एका सुताराच्या आंघोळीसाठी ताटकळत उभे!

पुन्हा दाणे, पुन्हा सात. मग साहेबांनी समजावून सांगितलं. गणित मोठ्या विमानाचं होतं. लहान, गुळगुळीत पंखावरून वारा लवकर सुटतो आणि मागं भोवरे धरून ओढतो. दाण्यांमुळे तो खवळून पंखाला चिकटून राहतो, मोठ्या विमानावर राहतो तसा. त्यांनी वही काढली. "कितने दाने?"

व्यंकटराव छताकडे पाहू लागले.

"एका पंखाला अकरा," काका म्हणाले. साहेबांनी अकरा लिहिलं, नाव विचारलं आणि तेही लिहिलं.

देवानं आकडा जुळवला असं मी म्हणत नाही. त्याला याहून मोठी कामं आहेत. पण हात जोडायची सवय असलेल्या माणसाच्या हातून कधीकधी नेमकं काम होऊन जातं.

व्यंकटराव सावरून म्हणाले, "बघ, माझा कागद बराबर होता की नाही?"

"व्हता, मालक," काका म्हणाले. "आन पंख?"

सगळा बाजार कान देऊन होता.

"...पंखही बराबर आहे."

"जरा मोठ्यानं सांगा, मालक. इंजिन लई वाजून राहिलंय."

इंजिन कधीचं बंद झालं होतं.