तारेचा आकडा

शनिवार पेठेत ठासणीची बंदूक साफ करावी ती चांदभाईंनीच. शाळा सातवीत सुटली, पण तीस वर्षं झाली, नळीत नुसता गज सोडून आत गंज किती ते सांगणार. धाकट्या भावाला, फैझलला, गज धरायला त्यांनीच शिकवलं. त्यानं पुढं सहा महिन्यांचा कुठला कोर्स केला, गजाला लावायच्या टोकांची चकचकीत पेटी आणली, आणि लोक त्याचंच नाव घेत यायला लागले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पृथ्वीराज आजोबांची बंदूक घेऊन आला. सकाळी पूजेत मांडायची होती.

"फैझलभाई नाहीत?"

"नमाजला गेलाय. मी आहे की."

"ठेवून जातो. पण त्यांच्याच हातात द्या."

"देतो. हार घालून देऊ का?"

तो गेला. चांदभाईंनी गज आत सोडला, नखानं खूण धरली, बाहेरून नळीला लावून ताडला. पुरा उतरला होता, म्हणजे आत न उडालेला जुना बार नाही. मग फैझलची पेटी उघडली. आधी चिंधीचं टोक लावायचं, हे त्यांचंच शिकवणं. पण फैझल यायच्या आत नळी आरशासारखी करायची होती. त्यांनी सगळ्यात जाड पितळी ब्रश लावला.

ब्रश तळाला गेला आणि बसला. ठासणीची नळी मागून बंद, काट्यांना उलटं वळायला जागाच नाही. चांदभाईंनी ओढला, मग घाईत डावीकडं पिळला. आटे सुटले. गज हातात, ब्रश आत.

फैझल आला, पेटीतली रिकामी खाच बघितली. "उजवीकडं पिळायचं, भाई. तुम्हीच सांगायचात."

"मग मला काय शिकवतोस?"

फैझलनं पेटीला हात लावला नाही. फळीवरच्या डब्यातून दोन वळ्यांचा तारेचा आकडा काढला, चांदभाईंनी कधीकाळी सायकलच्या स्पोकचा केलेला. गजाला लावला, काट्यांत गुंतवला, उजवीकडं फिरवत ब्रश अलगद वर आणला. हात अगदी चांदभाईंसारखा चालत होता. तेच त्यांना खुपलं.

संध्याकाळी पृथ्वीराजनं नळीत डोकावून बघितलं. "फैझलभाई, झकास."

"भाईंनी केलंय," फैझल म्हणाला.

वाहवा वाटून देण्याचा मोठेपणाही यालाच. धाकट्यानं दिलेलं चांदभाई घेणार नव्हते.

"खोटं बोलतोय," ते म्हणाले. "ब्रश मी अडकवला, यानं काढला." आणि आकडा पृथ्वीराजच्या हातात ठेवला. "ज्या आकड्यानं काढला, तो मात्र माझ्या हातचा. पेटीत बघा, असा आहे का."