कोरडा केक मिळणार नाही

तुळशीराममामा केक बांधून देण्याआधी गिऱ्हाइकाला हात पुढे करायला लावायचे. डब्यातून चमचाभर संत्र्याचा मुरंबा काढून तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "पयले चाखा. चाखल्याबिगर केक भेटत नाही." समोर तहसीलदाराचा शिपाई असो की डॉक्टरीणबाई, चाखायचं म्हणजे चाखायचं. नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवरच्या त्या पत्र्याच्या बेकरीत हा प्रकार चाललेला पाहून लोक हसायचे. आचाऱ्याला आपल्या हाताची घमेंड, असं म्हणायचे. मीही तेच समजत होते. शिकलेली बाई, शाळेत मास्तरीण, आणि अक्कल एवढी.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. मी माहेरची डोणगावची, लग्न होऊन नांदुऱ्याला आलेली. मामांची रत्नमाला माझ्या वर्गात होती. तिचं गणित कच्चं आहे असं मी वहीत लिहून पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी मामा पिठाच्या हातानंच शाळेत हजर. बुटकी मूर्ती, भट्टीच्या धगीनं हातावरचे केस कोपरापर्यंत जळालेले. "बाई, हे कच्चं गणित पक्कं कराचं काम तुमचं की माहं? माह्याकडं कच्चा पाव आला त मी गिऱ्हाइकाच्या घरी चिठ्ठी पाठवत नाही." मी खवळले, आणि लगेच हसूही आलं. तेव्हापासून मी त्यांना मामा म्हणायला लागले. गावात त्यांना तुळश्या म्हणत. वयानं पन्नाशीला आलेला माणूस, पण पोरंटोरं सुद्धा तुळश्याच म्हणत. मी मामा म्हणते याचा मला त्या काळी केवढा अभिमान! आता तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मामा मूळचे वडनेर भोलजीचे. तिथून रोज पहाटे सायकलवर येत. तरुणपणी पलटणीत एका साहेबाच्या मेसमध्ये कामाला होते, केक तिथंच शिकले. त्याबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं: "साहेब गेला, मेस गेली, हात तेवढा माह्याजवळ राह्यला." दीक्षा घेतल्याला सात-आठ वर्षं झाली होती. बेकरीत बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्यावर पिठाचा एक कण दिसला तरी रत्नमालेला हाक जायची.

पहिली दोन वर्षं ते साधा केक करत. बिनसारणाचा, कोरडा. बरा खपायचा. मग त्यांच्या मनानं घेतलं की केकाच्या पोटात काही तरी पाहिजे. "बिनपोटाचा केक म्हंजे पोराले शाळेत घालून पाटी न देनं," असं म्हणत. सोनाळ्याकडची संत्री एसटीवरून पोत्यानं आणली. सालं तीनदा पाणी बदलून उकळायची म्हणजे कडूपणा जातो, पण अर्क राहतो, हे मला त्यांनीच सांगितलं. त्यांच्या बायकोनं, अनुसयाबाईनं, आधीच बजावलं होतं, "कोरडं खपून राह्यलं ना? मंग कायले आगीत हात घालता? वलं नाही खानार हे लोकं." मामा म्हणाले, "काऊन नाही खानार?" उत्तर दोघांना माहीत होतं.

तुम्हाला माहीत नसेल तर मी सांगते, मला सांगताना लाज वाटली तरी. आमच्यासारख्या घरांतला नियम असा होता: भट्टीतून निघालेलं कोरडं कोणाच्याही हातचं चालतं, कारण म्हणे विस्तवात सगळं जळून जातं. पाण्यात शिजवलेलं, हातानं लावलेलं मात्र मामांसारख्यांच्या हातचं चालत नाही. म्हणजे त्या माणसानं मळलेलं पीठ चालणार, त्यानं फोडलेली अंडी चालणार, अंडी! आणि त्यानं शिजवलेल्या संत्र्याच्या सालीनं मात्र सात पिढ्या बाटणार. हा नियम कोणी शोधला, त्याच्या तोंडात माती पडो.

काही महिने मामा दोन्ही केक करत होते. जो मागेल त्याला तो. मोठ्या घरची सगळी मागणी कोरड्याची. मामा मनाशी म्हणत असतील, नसेल आवडत लोकांना. मग एका सकाळी शेजारचा जनरल स्टोअर्सवाला हसत हसत येऊन म्हणाला, "तुळश्या, तुह्या केकानं माह्या जामच्या बाटल्या खपून राह्यल्या बे!" मोठ्या घरच्या बायका मामांचा कोरडा केक नेत, बाजूच्या दुकानातून जामची बाटली घेत आणि घरी केक मधोमध चिरून आत तो जाम भरत.

मी त्या वेळी पाव घ्यायला उभी होते. मामांचा आवाज स्टेशनपर्यंत गेला असेल. "बाटलीतला जाम कोनं शिजवला? त्याले जात इचारली काय कोनी? बाटलीले बूच हाय म्हनून बाटली सोवळी, आन् मी समोर उभा हाओ म्हनून मी वंगाळ?" दुकानदार आपल्या दुकानात गेला. दुपारी मामांनी रत्नमालेकडून पाटी लिहून घेतली: कोरडा केक मिळणार नाही. आणि ते चाखवणं तेव्हापासून सुरू झालं. आमची घमेंडीची समजूत किती शहाणपणाची होती पाहा.

धंदा अर्ध्यावर आला. अनुसयाबाई म्हणाली, पाटी काढा. मामा म्हणाले, "पाटी निंघाली त मीच निंघालो समज." पण हळूहळू रेल्वेतले लोक घ्यायला लागले, डॉक्टर घ्यायला लागले, त्यांचं पाहून आणखी एक-दोन घरं. पाटीनंतरच्या पहिल्या महिन्यात पाच केक गेले तेव्हा मामा मला म्हणाले, "पाच गेले बाई. पाच घरात माहा हात पोचला." माणूस खुशीत होता. अशी खुशी मी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिली नाही, आणि त्याला कारण मीच.

माझ्या मुलाचा पहिला वाढदिवस होता. केक कापायची नवी टूम निघाली होती, सासूबाईंना ती हवी होती. "केक आना तुळश्याकडचा, झकास करते मेला. पन कोरडा सांगजा. पोटातलं मी घरी भरते." मी म्हटलं, तो कोरडा देत नाही, पाटी आहे. त्या म्हणाल्या, "तुले देईन. तू मामा म्हंतं ना त्याले?" हे पेपर वाचत होते. पेपरातूनच म्हणाले, "आई म्हणते तसं कर, घरात कटकट नको." आणि मी गेले. पाय मोडून पडले असते तर बरं झालं असतं.

खरं सांगायची हिंमत नव्हती. मग खोटं सांगितलं. "मामा, बाळाचं पोट फार नाजूक आहे हो. मुरंबा सोसायचा नाही. त्याच्यापुरता कोरडा करून द्याल?" मामा माझ्याकडे पाहत राहिले. मग पाटीकडे पाहिलं. "कोनाले देल्ला नाही बाई अजून. पन लेकराच्या पोटाचा सवाल हाय." मला चाखायलाही लावलं नाही. मी सुटले म्हणून आनंदानं घरी आले. विचार करा, आनंदानं!

वाढदिवसाच्या दुपारी ओसरीवर बायका जमल्या होत्या. सासूबाईंनी केक चिरून जाम भरला होता, बाळाचं तोंड गालापर्यंत लालभडक झालं होतं. तेवढ्यात मामा दारात उभे राहिले. धुतलेला सदरा, हातात कापडानं बूच बांधलेली बाटली. अनुसयाबाईनं बाळासाठी बाळंतशोप उकळून पाणी दिलं होतं. नाजूक पोटाला चांगलं म्हणून. मामांनी ताटातला केक पाहिला, शेजारची जामची रिकामी बाटली पाहिली, बाळाचं तोंड पाहिलं. वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. पण ते हळू म्हणाले, "बाई, लेकराचं पोट लवकर सुधरलं."

सासूबाई म्हणाल्या, "अरे तुळश्या, बरा आला. घे, तू बी खाय," आणि केकाचा एक तुकडा कागदावर ठेवून वरूनच पायरीवर टाकला. त्यांनीच केलेला केक, त्यांच्याच पुढ्यात, वरून. मामांनी हात जोडले. "नोको मायबाई. आमच्यात बाहेरचं चालत नाही." बायकांना आधी कळलं नाही, मग एकदोघींनी पदर तोंडाला लावला. मामा बाटली पायरीवर ठेवून निघून गेले. संध्याकाळी सासूबाईंनी ती बाटली काठीनं ढकलत नेऊन नालीत पाडली. मी खिडकीतून ते पाहिलं. खिडकीतून! खाली उतरून बाटली उचलायला मला चार पायऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी बेकरीत गेले आणि रडत माफी मागितली. मामा पीठ मळत होते, हात थांबवला नाही. "बाई, माफी इथं कायले आनून राह्यल्या? इथं कोनाचं चुकलंच नाही. जिथं चुकलं तिथं बोला. घरात बोला, त्या बायाइच्या समोर."

"घरात बोलणं एवढं सोपं नसतं मामा."

तेव्हा त्यांनी हात थांबवला. "हाव? आन् मले गावात बोलनं सोपं होतं काय?"

शाळेची घंटा होईल म्हणून मी निघाले. असल्या वेळी माणसाला घंटा बरोबर ऐकू येते.

पुढं जे झालं त्याचं पाप सर्वस्वी माझं. गावात बातमी फुटली की तुळश्या कोरडा देतो, फक्त पोराच्या पोटाचं नाव घ्यायचं. आठवड्यात नांदुऱ्यातल्या यच्चयावत पोरांची पोटं नाजूक झाली. ज्यांना पोरं नव्हती त्यांनी भाचे-पुतणे पुढे केले. मामा नाही म्हणायला लागले की लोक म्हणत, "मास्तरीणबाईले देल्ला ना? मंग आमची पोरं काय वाऱ्यावर?" एका घराला दिलेला केक दुसऱ्या घराला कोणत्या तोंडानं नाकारणार? महिनाभर त्यांनी तोंड वाजवलं, भांडले, दोन-तीन गिऱ्हाइकांना हाकलून दिलं. मग एके दिवशी पाटी उतरवली आणि केकच बंद केला. साचे भंगारवाल्याला दिले. त्यानंतर पाव, टोस्ट आणि खारी. सगळं कोरडं. अख्ख्या गावाला जे साधलं नव्हतं, ते मी एका लबाडीनं करून दाखवलं होतं.

मी पाव घ्यायला जात राहिले. मामा पाव देत. रत्नमालेच्या अभ्यासाची चौकशी करत, "गनित पक्कं झालं, तुमची मेहरबानी," असं म्हणत. टोमणा नव्हता त्यात. टोमणा मारला असता तर माझी बाजू मांडायला जागा झाली असती. पण त्यांनी माझ्याशी भांडणंच सोडून दिलं. ज्याच्याकडून काही अपेक्षा उरत नाही, त्याच्याशी कोण भांडतं? मी रोज ठरवायची, आज जेवताना बोलायचं. आज सासूबाईंना खोकला आहे, उद्या. उद्या यांच्या धंद्याची चिंता, परवा. वर्गात पोरींना मी समतेवर निबंध लिहायला सांगायची आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई फासायची. मेलं माझं ते शिकवणं.

दहा-बारा वर्षांनी हात थरथरायला लागले तेव्हा मामांनी बेकरी बंद केली आणि वडनेरला घरी बसले. पुढच्या उन्हाळ्यात गेले. मला शाळेत कळलं. रजा टाकून एसटीनं गेले. रत्नमाला आता स्वतः शिक्षिका झाली होती. तिनं मला आत नेऊन बसवलं, चहा आणून दिला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बाई, एक सांगू? रागावू नका. मागं एकदा बाबांनी मला विचारलं होतं, 'तुह्या बाई घरी बोलल्या काय?' मला काय ते कळलं नाही. मी म्हटलं, विचारून येऊ का? तर म्हणाले, 'नोको. बोलल्या असत्या त पयले मलेच सांगाले आल्या असत्या.'" मग तिनं विचारलं, "कशाबद्दल होतं ते, बाई?"

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. रडली नाही, रागावलीही नाही. बाहेर एसटीपर्यंत पोचवायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "सासूबाई आहेत अजून तुमच्या?" मी म्हटलं, आहेत.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. सासूबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. "एवढा उशीर? कुठी गेल्ती?"

मी पायरीवर उभी होते. त्याच पायरीवर.

"शाळेत काम होतं," मी म्हटलं, आणि आत गेले.