आपटा कोणाकडचा?

वर्तमानपत्रात दाबून ठेवलेली फांदी आठ-दहा दिवसांत वाळते. किस्से काही वाळत नाहीत! मंठ्याच्या आमच्या कॉलेजात, बॉटनी डिपार्टमेंटमध्ये, मी आधी विद्यार्थिनी होते, आता मास्तरीण आहे. एवढ्या वर्षांत कपाटात झाडं जमली तसे डोक्यात किस्से जमले, आणि त्यातले निम्मे एकट्या आपट्याचे.

त्याला कारण काळे सर आणि काळे मॅडम. दोघं नवरा-बायको. दोघंही आम्हाला झाडांचं वर्गीकरण शिकवायचे, आणि एका झाडावरून दोघांचं कधीच जमलं नाही. कांचन हा बौहिनिया प्रजातीतला, यावर वाद नाही. त्याचं पान दोन भागांचं, मधोमध जोडलेलं. आपट्याचंही तसंच. म्हणून काही पुस्तकं आपट्याला बौहिनियातच ठेवतात. काही मात्र त्याला पिलिओस्टिग्मा नावाच्या वेगळ्या प्रजातीत नेऊन बसवतात. मॅडम पहिल्या पुस्तकांच्या बाजूने, सर दुसऱ्या!

*

एका दसऱ्याला सरांकडे शेजारचे तलाठी सोनं द्यायला आले. सरांनी दारातच पान उलटून पाहिलं. "हे कांचन हाय. आपटा आणा, मंग या."

मॅडम आतून धावत आल्या. "अहो, माणसाला आत तर घ्या! एकाच प्रजातीतले हायेत दोघं."

"बिलकुल न्हाईत! कांचनाची शेंग तडकते, आपट्याची तडकते का?"

"शेंगेवरून घराबाहेर काढता का त्याला?"

तलाठी हातात पानं धरून उभे. शेवटी म्हणाले, "मी ओट्यावर बसतो. तुमचं मिटलं की हाक मारा."

*

आमच्या प्रॅक्टिकल परीक्षेला आपट्याची फांदी ठेवली होती. नाव ओळखा! मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या, मी बौहिनिया लिहिलं. त्या पुढं सरकल्या, सर आले. मी खोडून पिलिओस्टिग्मा लिहिलं. मॅडम परत फिरल्या, मी परत खोडलं. सगळ्या बॅचचं हेच चाललं होतं. पेपर गोळा केले तेव्हा त्या ओळीपाशी कागद फाटायला आले होते.

गठ्ठा चाळून मॅडम म्हणाल्या, "वर्गीकरण आलं न्हाई पोरांना, पण नोकरी बराबर करतील!"

*

राजूरला सहल गेल्ती. वाटेत चहासाठी बस थांबली, तिथं रस्त्याकडेला आपटा. दोघंही तिकडं गेले. आम्ही पोरंपोरी मोजली, बरोबर भरली, बस सुटली. गणपतीच्या मंदिरापाशी उतरल्यावर कळलं, मास्तरच मोजले नव्हते!

बस उलटी फिरवली. बघतो तर दोघं त्याच झाडाखाली, हातात एकेक शेंग, वाद रंगात आलेला. आम्हाला बघून मॅडम म्हणाल्या, "झालं का दर्शन? इतक्या जल्दी?"

सगळे हसले. मला मात्र खिडकीत बसल्या बसल्या वाटलं, आपल्याशीही असं कोणीतरी भांडावं. अजूनही वाटतं.

*

मॅडम आजारी पडल्या, ते दुखणं शेवटचं होतं. मी जालन्याच्या दवाखान्यात भेटायला गेल्ते. सर उशाशी बसून होते. मग एकदम म्हणाले, "तुझंच बरोबर हाय. आपटा बौहिनियाच."

मॅडमना धड बसता येत नव्हतं. तरी कोपरावर उठल्या. "मी मरून राह्यले म्हणून हरून राह्यलात का? असं चालणार न्हाई. पुरावा काय तुमच्याकडं?"

सर म्हणाले, "न्हाई." आणि बाहेर जाऊन रडले.

*

आता सर रिटायर झालेत. तरी दर मंगळवारी डिपार्टमेंटला येतात. कपाट उघडतात, पिलिओस्टिग्माच्या फोल्डरची नाडी सोडतात, आत बघतात, परत बांधतात आणि जातात. मला काही कळेना. शेवटी आमच्या लॅब अटेंडंटला, गफूरचाचांना विचारलं.

चाचा म्हणाले, "त्यात केदारखेड्याचा वाळवलेला आपटा हाय, दोघांनी मिळून आणलेला. सर त्याला हितं ठेवायचे. ते वर्गावर गेले की मॅडम उचलून बौहिनियात टाकायच्या. दुसऱ्या दिवशी सर परत हितं. नोकरीभर हेच! मास्तरांची बी इतक्यांदा बदली होत न्हाई. शेवटी सरांनी ठेवला आन् मॅडम दवाखान्यात गेल्या. आता बारी मॅडमची हाय."

मी दोन दिवस विचार केला. सोमवारी कॉलेज सुटल्यावर कपाट उघडलं आणि तो आपटा बौहिनियात ठेवला.

मंगळवारी सर आले. फोल्डर सोडलं. आत आपटा नाही! त्यांचे हात थांबले. मला वाटलं, नसता आगाऊपणा केला, आता पाया पडून माफी मागावी.

सरांनी सावकाश बौहिनियाचं फोल्डर काढलं. उघडलं. आपटा तिथं होता. मग आपटा उचलला, पिलिओस्टिग्मात ठेवला आणि नाडीची गाठ करकचून आवळली.

"गफूर!" कितीतरी दिवसांनी सरांचा तो आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. "मॅडमला सांग, मी अजून हरलेलो न्हाई म्हणावं!"

चाचा टेबल पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "सांगतो, सर."