खंडेनवमीला बंद केलेलं यंत्र

कुसगावच्या रजनीमावशी मोजमापाची यंत्रं दुरुस्त करतात. यंत्रांशी त्यांचं एरवी अरे-तुरे. भीती वाटली की मात्र अहो-जाहो. त्या दिवशी आकाशने आणलेल्या पेटीचं झाकण काढलं आणि त्या पुटपुटल्या, "अहो, काय करून घेतलंत हे?"

आकाश आंदर मावळातला, आंबीच्या कारखान्यात कंत्राटी. विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं हे यंत्र तिथे बारा वर्षं अखंड चालू होतं. खंडेनवमीला त्याने ते बंद करून पुसलं, हार घातला. दसऱ्यानंतर चालू केलं, तर बॅटरी संपत आल्याचा इशारा.

"समद्या मशिनी बंद व्हत्या, मावशी. म्या पण क्येलं."

"याची पूजा चालू ठेवूनच करायची रे."

यंत्राला अचूक मोजायला लागणारे आकडे एका चिपमध्ये होते, आणि यंत्र बंद असताना त्यांना जगवायला फक्त बटणाएवढी बॅटरी. मीटरवर दोन पूर्णांक एक व्होल्ट. दोनच्या खाली गेलं की आकडे पुसले जाणार. आकाशचा कायम होण्याचा कागद याच आठवड्यात साहेबांच्या सहीला होता.

फोन वाजला. अनंत साहेब. "आकाश, स्टेटस सांग. ॲक्च्युअली झालंय काय?"

"मावशी बघत्यात, साहेब."

"बघतायत म्हणजे? टाइम किती लागेल, टाइम?"

"ठेव तो फोन," मावशी म्हणाल्या.

बाहेरून सेल जोडून चिपला आधार द्यायचा होता. डाख देण्याची सोल्डरिंगची सळई तापली की त्या तिची पिन भिंतीतून उपसतात. सळईतून गळलेली वीज चिपला मारते. मग सळई निवायच्या आत टाका घालायचा. पहिला टाका बसला. दुसऱ्याला तार निसटली.

"ग्येलं का वं?"

"बोलू नकोस."

पुन्हा तापवली, पिन उपसली. बसला.

आता चिपवर तारांचा चिमटा लावून आकडे कॉम्प्युटरवर उतरवले. खात्रीसाठी पुन्हा. दोन्ही वेळचे जुळेनात. "अहो, असं नका करू," मावशी चिपला म्हणाल्या. आकाश भिंतीला टेकून खाली बसला. मावशींना चिपवरचा चिमटा एका बाजूने किंचित उचललेला दिसला. त्यांनी तो दाबून बसवला. तिसरी खेप, चौथी, पाचवी. तिन्ही तंतोतंत सारख्या.

बॅटरी बदलून यंत्र लावलं. सरळ, स्थिर रेघ आली.

मावशींनी आकड्यांची प्रत पेनड्राइव्हवर दिली. "ही साहेबांच्या हातात दे. आणि बंद कुणी केलं, ते तूच सांग."

"सांगतो की," आकाश म्हणाला. पण पेटी उचलायला काही तो उठेना.