केर काढला तेव्हा आशू हवेत होती

आधीच सांगते — नजर, तोडगे, अपशकुन... असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आले. घाटकोपरला ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटं काढते. कुठूनही कुठे सांगा, हवाई अंतर किती, उडायला वेळ किती, सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र एकदाही विमानात बसलेले नाही!

आणि माझी धाकटी बहीण आशू एअर होस्टेस. फॉर्म मी भरला होता हो, ही नुसती सोबत म्हणून आलेली. तिला घेतलं, मला "कळवतो" म्हणाले. जळते मी तिच्यावर. खोटं कशाला बोलू?

सध्या ती ईशान्येकडे, डोंगरातल्या दोन आडबाजूच्या विमानतळांमध्ये उडणाऱ्या छोट्या पंखेवाल्या विमानावर आहे. अंतर दोनशे किलोमीटर, वेळ पन्नास मिनिटं. सुटताना "निघाले", उतरल्यावर "पोचले" असा मेसेज करते. माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच केर काढायचा नाही, ही आमच्याकडची जुनी पद्धत. आईने ती विमानालाही लावलेली. "पोचले" येईपर्यंत मुलुंडच्या आमच्या घरात झाडूला हात लावायचा नाही!

त्या रविवारी सकाळी मी लसूण सोलत होते. १०.०५ ला "निघाले" आलं, सोबत युनिफॉर्ममधला सेल्फी. आई म्हणाली, "कशी राणीसारखी दिसते ना गं?" माझं डोकंच फिरलं. ती राणी, मग मी कोण, मोलकरीण? उठले, झाडू घेतला आणि दारापर्यंत खसाखसा केर काढला.

"अगं मेले, काय केलंस! ती हवेत आहे..." आई मटकन खाली बसली. मग हळूच म्हणाली, "तुझे पप्पा गेले ना, त्या दिवशी मीही असाच काढला होता. ते अजून जिना उतरत होते." हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.

आशूला काही झालं तर? सुपलीतला केर, लसणाच्या सालांसकट, मी पुन्हा घरभर उधळला. "आशू, नीट ये गं बाई," असं रडत म्हणतेय तोच फोन वाजला. "पोचले."

वेळ १०.१७. बारा मिनिटांत?? ते विमान एवढ्यात पोचूच शकत नाही, हे मी गिऱ्हाइकाला झोपेतही सांगेन.

अकरा वाजता तिचा फोन आला. "ताई, आज वाट लागली होती यार! मध्येच विमान असं खाली खाली जायला लागलं... आणि मग एकदम शांत."

"किती वाजता गं?"

"सव्वादहा झाले असतील."

"आणि मेसेज कधी केलास?"

"उतरल्यावर. दहा पंचावन्नला. का गं?" तिने स्क्रीनशॉटही पाठवला. तोच मेसेज, १०.५५.

"आणि ऐक ना, गंमत! बूट काढले तर आत लसणाची सालं. विमानात लसूण कुठून आला?"

मी "काय माहीत" म्हणाले.

ऑफिसातला कॉम्प्युटरवाला म्हणतो, नेटवर्कचा घोळ असेल. असेल बाबा. पण सालांचं काय?

आशूला केराचं सांगितलेलं नाही. जळणं थांबलंय म्हणाल तर, नाही. परवा तिने बर्फाचे फोटो टाकले, तेव्हाही दातओठ खाल्ले. फक्त "निघाले" आलं की झाडू मीच आईच्या हातात देते आणि सांगते, मी मागितला तरी देऊ नकोस.